बोलावणं एकीचं, बसवणं दुसरीचं

घरात कॉम्प्युटर येणार तर तो चांगुणाबाईला विचारूनच येणार, हे बदलापूर गावातल्या त्या घरात कोणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. तिथे नवा झाडू आला तरी आधी तिच्या हातून जायचा. शाळा म्हणाल तर दुसरी, आणि त्या दुसरीतलेही निम्मे दिवस मास्तरांच्या म्हशीला पाणी दाखवण्यात गेलेले. पण आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी मान असतो तो धवला, म्हणजे लग्नातली देवांची गाणी, गाणाऱ्या धवलारणीला, आणि आसपासच्या दहा गावांची धवलारीण ती होती. चांगुणाबाई गायला बसली की देव मांडवात येतात, असं लोक म्हणत. ती म्हणे, "येतात म्हंजे? मी बोलावल्यावर न येऊन सांगतात कुनाला?"

अडचण एकच होती. तिला देव बोलावता येत होते. बसवता येत नव्हते.

ही करणी तिच्या सासूची. बकुळाबाय मोठी बेरकी बाई. दोन सुना, दोघींचे गळे गोड आणि दोघींची तोंडं तिखट. एक दिवस या वेगळ्या होणार हे म्हातारीने आधीच ओळखलं आणि भांड्यांची, शेताची वाटणी व्हायच्या आधी धवल्याची वाटणी करून ठेवली. देवांना बोलावणाऱ्या ओळी थोरलीला, चांगुणाला. आल्या देवाला पाट देऊन बसवणाऱ्या ओळी धाकटीला, विठाला. एकीने दुसरीचा वाटा तोंडात घ्यायचा नाही. बोलावलेला देव बसवल्याशिवाय गाणं सोडायचं नाही. चुली दोन करा, नाहीतर दहा करा, मांडवात मात्र एकमेकींच्या शेजारीच बसावं लागेल, असा म्हातारीचा हिशोब.

तीस वर्षं तो हिशोब बरोबर चालला. मग वांगणीच्या एका लग्नात विठाने कडव्यातल्या तिसऱ्या बोलावण्याला चांगुणाबाईची ओळ पुरी व्हायच्या आत आपली ओळ उचलली. एकदा नाही, चार कडव्यांत चार वेळा. चांगुणाबाई गाता गाता थांबली आणि भरल्या मांडवात म्हणाली, "विठे, येवरी घाई आसंल तर कर्जतची गाडी उभी हाय, जा." विठाने कडवं पुरं केलं, देव बसवले, पदर खोचला आणि खरंच उठून गेली. त्याला सहा वर्षं झाली. दोन घरांमधला कंबरेएवढा दगडी गडगा डोक्याएवढा झाला. धवला थांबला. लग्नांतून आता चांगुणाबाईच्याच मुलाचे, भगवानचे, स्पीकर वाजत आणि त्यांतून जे निघे त्याला ती "पत्र्यावरचा पाऊस" म्हणे.

आणि आता, नव्व्याण्णव सालच्या माघात, भगवानच्या मुलीचं, मीनलचं लग्न ठरलं. मुहूर्त वैशाखातला. मीनल अंबरनाथला एका ऑफिसात कामाला. बोलायला आजीवरच गेलेली. तिने जेवता जेवता सांगून टाकलं, "आजी, एवढी मोठी धवलारीण घरात असून माझ्या मांडवात कॅसेट लागणार असेल, तर मी कोर्टात जाऊन सही करते. मांडव पण नको न् जेवण पण नको."

"मंग सांग तुज्या धाकट्या आजीला, ये म्हनावं."

"तिला विचारलं मी. माझ्यासाठी गाईन म्हणते, पण तुझ्यासमोर बसणार नाही."

"मी तरी कुटं पाट मांडून ठेवलाय तिच्यासाठी?"

यावर भगवानने भाताचा हात तसाच ठेवून तोड सुचवली. तो कधीपासून घरात कॉम्प्युटर घ्यायला टपलेला. गाणी घरीच रेकॉर्ड करायची, मुंबईच्या स्टुडिओवाल्यांच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत, हे त्याच्या डोक्यात होतंच. तो म्हणाला, "आये, कॉम्प्युटरवर आवाज वेगवेगळे भरता येतात. तू आज गा. काकी उद्या कानाला हेडफोन लावून तुझं ऐकेल आणि आपल्या ओळी गाईल. दोन्ही आवाज एकत्र निघतील. एकमेकींचं तोंड बघायची गरज नाही."

चांगुणाबाईने घास चावून संपवला. "तोंड बघाया लागनार नाय?"

"अजिबात नाही."

"मंग तसलं मशीन घे," ती म्हणाली. बोरीखालचं शेत बिल्डरला गेलं त्याचे पैसे तिच्या नावावर होते, तेव्हा प्रश्न मिटला.

पण कोणतं मशीन? तिथून पुढे पंधरा दिवस घरात दुसरं बोलणं नव्हतं. भगवानच्या मते पेंटियम आणि त्यात नवी विंडोज अठ्ठ्याण्णव. त्याचा दोस्त दिनानाथ अंबरनाथच्या एका छापखान्यात अक्षरजुळणी करायचा. त्याच्या मते संगीतासाठी मॅकिंटॉशच, बाकी सगळं खेळणं. छापखान्याचा मालक जुना मॅक काढणार होता. मीनलच्या ऑफिसात विंडोज पंच्याण्णव होती आणि ती म्हणे, पंच्याण्णव मला येते, नवी कोणाला येते?

चांगुणाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "यो बोलता बोलता ऐकतो का?"

"म्हणजे?"

"म्हंजे मी गानार, ते मशीन विठाच्या कानात बोलनार. त्याच वक्ताला विठा गानार, ते त्यानं ऐकून ठेवाया पायजे. बोलताना ज्याचे कान बंद होतात असला मानूस मना घरात एक हाय, दुसरा नको."

तो एक माणूस म्हणजे आपण, हे भगवानला कळलं, पण त्याहून जास्त त्याला दुसरंच जाणवलं. इतके दिवस तो मेगाहर्ट्झ मोजत होता आणि मुद्द्याचा प्रश्न आईने विचारला होता. काही साउंड कार्डं एका वेळी एकच काम करतात, वाजवतात तरी नाहीतर भरून घेतात. दोन्ही करणारं कार्ड नसेल तर सगळा बेत पाण्यात.

छापखान्यातला मॅक त्या परीक्षेत पास झाला. चांगुणाबाईने माइकपुढे बसून दिनानाथच्या छपरी मिशीवर चार वाक्यं सोडली, मग ती वाजत असताना वर आणखी चार सोडली. मशीनने आठही ठेवली. "गुनी हाय," ती म्हणाली. "आवाजबी करत नाय. दिनानाथा, तुज्यापेक्षा बरा." दिनानाथ खूश. मॅक घ्यायचा हे ठरलं, शब्द दिला गेला, पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन यायचं ठरलं.

तरीही भगवानच्या मनात विंडोज घुटमळत होतीच. "एकदा उल्हासनगरला बघून येऊ," तो म्हणाला. "नुसतं बघायचं."

उल्हासनगरात कॅम्प तीनच्या बाजारात हासानंदचं दुकान. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. डबे बदलले, गादी तीच. पांढरा सदरा, खिशाला चार पेनं आणि हातात स्क्रूड्रायव्हर. भगवानचे ॲम्प्लिफायर तोच दुरुस्त करायचा, म्हणून ओळख जुनी.

"आओ माताजी, बैठो. साईं, मांजीला खुर्ची दे ना," तो भगवानला म्हणाला. "काय पाहिजे? गेम खेळायचा?"

"गेम तुज्यासंगं खेलीन. आधी दाखव, यो बोलता बोलता ऐकतो का."

हासानंद हसला. टेबलावर एक जोडलेला पेंटियम चालू होता, त्यात पंच्याण्णव. त्याने माइक लावला. चांगुणाबाईने दोन वाक्यं सोडली, ती वाजायला लागल्यावर वर दुसरी दोन सोडली. मशीनने पहिली वाजवली, दुसरी गिळून टाकली.

"बहिरा हाय," चांगुणाबाई उठली. "चल रं भगवान."

"अरे माताजी, रुको तो सही!" हासानंदने डबा उघडला, ड्रॉवरमधून दुसरं कार्ड काढलं, बसवलं, स्क्रू आवळला. पाव तास लागला. तेवढ्यात चहा आला. मग पुन्हा परीक्षा, आणि या वेळी दोन्ही आवाज आले. हासानंदने हात झटकले. "देखो. मॅक-बीक मुंबईवाल्यांचा शौक. बिघडला तर मुंबईला जा, हप्ता थांब. माझा बिघडला तर मी आहे. मी नसलो तर माझा भाऊ आहे, समोरच्या दुकानात."

हे चांगुणाबाईला पटण्यासारखं होतं, पण पटलं असं दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती म्हणाली, "शब्द गेलाय. आम्ही नुसतं बघाया आलोत."

तिथवर सगळं ठीक होतं. मग रेकॉर्डिंग अजून चालूच असताना हासानंदने पडद्यावरची हलणारी रेघ बघितली आणि सहज बोलून गेला, "वैसे माताजी, आवाज ज़रा धीमा आ रहा है. गाण्याला दम पाहिजे. अब उमर भी हो गई ना."

भगवानने डोळे मिटले.

"धीमा?" चांगुणाबाई म्हणाली. "दम?"

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, डावा हात कानामागे नेला आणि त्या दुकानात, शेजारच्या दुकानातला फिल्मी टेप चालू असताना, सहा वर्षांत उघडला नव्हता तो गळा उघडला.

*ये रे गावदेवा, वेशीच्या राखन्या, मांडवाच्या दारी…*

शेजारचा टेप कोणीतरी बंद केला.

*ये गं नदीबाये, वाकड्या वाटंनं, मांडवाच्या दारी…*

दारात माणसं गोळा झाली. तिच्या गळ्याला जुनी सवय. प्रत्येक ओळीनंतर ती विठाच्या ओळीएवढी गप्प राहिली आणि मगच पुढे गेली.

*ये गं कुलीचे आये, डोंगर उतरून, सात नदीनाले वलांडून, मांडवाच्या…*

गाणं थांबलं. हासानंदने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून हात जोडले होते. "वाह अम्मा. गलती हो गई."

पण चांगुणाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. तिचा हात अजून कानामागेच होता आणि तोंडावरचा रंग उतरला होता.

"भगवान," ती हळूच म्हणाली. "मी काय केलं रं?"

"छान गायलीस की, आये."

"मी बोलावनं केलं. मांडव नाय, विठा नाय आन मी बोलावनं केलं. देव उभे हायेत."

"कुठे?"

तिने बोट केलं. टेबलाकडे, त्या पांढऱ्या डब्याकडे.

भगवानला हसू आलं होतं, पण आईचा चेहरा बघून ते त्याने गिळलं. तो म्हणाला, "त्यात काय, पुसून टाकू. हासानंद, डिलीट मार." हासानंदचा हात माऊसकडे गेला आणि चांगुणाबाईने त्या हातावर अशी चापट मारली की दारातली माणसं मागे सरकली.

"घरी आलेल्या पावन्याला पुसून टाकतो रं तू? आन ही तर कुलीची आय हाय!"

"नहीं नहीं, अम्मा," हासानंदनेच हात मागे घेतला. "देवीमां आ गई तो डिलीट कैसे करें? मी तर हात नाही लावणार."

"हाच घे," चांगुणाबाई मुलाला म्हणाली.

"आये, दिनानाथला शब्द दिलाय! मॅक चांगला आहे, तूच म्हणालीस गुणी आहे!"

"गुनी हाय. पन देव त्याच्यात उभे नायत."

पैसा तिचा, देव तिचे. भगवानने मान तुकवली आणि आपल्यापरीने शेवटची मागणी केली. "बरं, हा तर हा. पण हासानंद, यात पंच्याण्णव आहे, मला अठ्ठ्याण्णव टाकून दे."

"दूंगा ना. लेकिन साईं, मी नवी सिस्टिम टाकतो तेव्हा आधी डिस्क पूर्ण साफ करतो. आत जे आहे ते सगळं जाईल."

दोघांनी एकदमच चांगुणाबाईकडे बघितलं.

"पंच्यान्नव," ती म्हणाली.

भगवानने पंधरा दिवस मासिकं वाचली होती, तक्ते लिहिले होते, चार जणांशी भांडला होता. सगळ्यावर दोन वाक्यांत पाणी पडलं. टेम्पोत डबा चढवताना तो नुसता मान हलवत होता. चांगुणाबाई पुढे बसली नाही. मागे हौद्यात, गोणपाटावर, डब्याला एका हाताने धरून बसली आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या खानदानाची आठवण काढत बदलापूरला आली.

घरी येताच तिने मीनलला पिटाळलं. "जा, तुज्या धाकट्या आजीला सांग. बोलावनं झालंय, बसवाया ये."

मीनल पळतच गेली आणि पळतच परत आली. "ती विचारते, कोणी बोलावलं, कुठे बोलावलं?"

"सांग खरं काय ते."

दुसऱ्या फेरीनंतर मीनल हसून हसून लाल झाली होती. "ती म्हणते, उल्हासनगरला बोलावलं? सिंध्याच्या दुकानात? साठीची झाली तरी अक्कल दुकानातच विकत घ्यायची राहिली म्हणावं. आणि म्हणते, सकाळी येते. पण तू घरात असलीस तर नाही."

चांगुणाबाईने तो टोला जागच्या जागी सोडून दिला. देव उभे असताना भांडायचं नसतं. तिने आंब्याचा टहाळा आणवून मॉनिटरवर ठेवला, डब्याला कुंकवाचं बोट लावलं आणि डब्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. भगवानने तो उचलून चार हात लांब नेला. तिने परत आणला. शेवटी मधोमध तडजोड झाली.

सकाळी ती मळ्यात गेली. मेथीच्या जुड्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. शेजारच्या मळ्यातली गंगू बोलायला आली तर तिलाही नीट उत्तर दिलं नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती घरी परतली. ओट्यावर विठाच्या चपला नव्हत्या. मीनल ऑफिसला गेली होती. भगवान एकटाच पडद्यासमोर बसला होता.

"झालं, आये. बसवले काकीने. ऐक."

पडद्यावर दोन पट्ट्या होत्या, एकाखाली एक. वरची तिची, खालची विठाची. भगवानने बटण दाबलं. हासानंदच्या दुकानातला पंखा, बाहेरची रिक्षा आणि त्या सगळ्यावर तिचा स्वतःचा आवाज. मग तिने सोडलेल्या जागेत, अगदी मापात, विठाची ओळ.

*बैस रे गावदेवा, पाट मांडिला उंबराचा…*

चांगुणाबाई खाली बसली. सहा वर्षं. आवाज थोडा जाड झाला होता, पण "उंबराचा" म्हणताना जी मुरड यायची ती जागच्या जागी होती. नदीबायला पाट मिळाला. मग तिसरं बोलावणं आलं, कुळीच्या आयचं, सगळ्यांत लांब. आणि चांगुणाबाईची ओळ "नदीनाले"पाशी असतानाच विठाची ओळ वर चढून आली.

"बघ! बघ, बघ!" चांगुणाबाई ताडकन उठली. "आजून तसंच! मशीनसमोर एकलीच होती तरी थांबाया जमलं नाय तिला!"

"आये, त्यात काय? हे बघ." भगवानने माऊस धरला. "तिची पट्टी उचलायची आणि पुढे सरकवायची. तुझी ओळ संपली की मग तिची चालू. तिला कळणारसुद्धा नाही."

खालच्या पट्टीचा तुकडा पडद्यावर उजवीकडे सरकला. भगवानने पुन्हा वाजवलं. आता तिसऱ्या बोलावण्याला चांगुणाबाईचा आवाज एकटाच होता.

*ये गं कुलीचे आये, डोंगर उतरून, सात नदीनाले…*

आणि तिथे श्वास तुटला. "वलांडून" नुसतंच हवेत निघालं, सूर नव्हता त्यात. "मांडवाच्या" ला एक खरखर, आणि "दारी" तर आलंच नाही. फक्त दुकानातला पंखा फिरत राहिला. मग उशिराने विठा आली, व्यवस्थित, सुरात, आणि काही उपयोग नव्हता.

भगवान पडद्याकडे बघत राहिला. आईकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

"परत लाव," ती म्हणाली.

त्याने परत लावलं. परत तुटला.

"वांगनीच्या लग्नाची कॅसेट हाय ना तुज्याकडं?"

"आहे. काढू?"

तिने हात आडवा धरला. वांगणीला तिसऱ्या बोलावण्याला चार वेळा काय झालं असेल ते ऐकायला कॅसेट लागत नव्हती. चारही वेळा लोकांनी म्हटलं होतं, काय ओळ लांबवली चांगुणाबायने! आणि तिनेही मान डोलावली होती.

"नको," ती म्हणाली. "ती पट्टी होती तितं ने."

"अगं, पण…"

"होती तितं, सांगते ना. आन परत हात लावलास तर हासानंदाला मारली तशी मारीन."

भगवानने तुकडा मागे नेला. पुन्हा वाजवलं. "नदीनाले"पाशी विठा आत आली आणि ओळ कुठेही न तुटता, दोघींची होऊन, पाटापर्यंत गेली. कोणाचा श्वास कुठे संपला ते ऐकणाऱ्याला कळलंच नसतं. देव बसले.

चांगुणाबाईने तोंडावर पाणी मारलं, चांगलं लुगडं नेसली आणि गडग्याला वळसा घालून निघाली. सहा वर्षांत तिने तो वळसा घातला नव्हता. मधे एक पेरूचं झाड उभं राहिलं होतं, ते तिला माहीत नव्हतं. विठा अंगणात बसून सुकट निवडत होती. तिने वर बघितलं, सुपाकडे बघितलं आणि निवडणं चालू ठेवलं.

"विठे."

"काय गं?"

"बावीस कडवी हायेत आजून."

"म्हायती हाय मना. मोजाया येतं मना बावीसपर्यंत."

"त्या डब्यासमोर एकलीनं नाय गायचं. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय. दोगी बसू."

"आन मी लवकर उचललं तर?"

चांगुणाबाईने पेरूच्या झाडाकडे बघितलं, कौलांकडे बघितलं, सुकटीच्या सुपाकडे बघितलं. सरळ कबूल करणं तिला बापजन्मात जमलं नव्हतं.

"तिसऱ्याला उचल," ती म्हणाली. "पैल्या दोनला उचललंस तर बघ."

विठाने सूप बाजूला ठेवलं, हात झटकले. "पैल्या दोनला मी कदी उचललं? सांग, कदी? देवाची शपत घेऊन सांग."

"बदलापूरच्या पाटलाच्या लग्नात."

"तितं तू खोकलीस!"

"मी? मी खोकले?"

दोघी उठल्या. विठाने पाय चपलांत सरकवले तरी बोलणं थांबलं नव्हतं. पाटलाच्या लग्नात कोण खोकलं, त्या दिवशी वाढलेलं वरण आंबट होतं की नव्हतं, गडगा आधी कोणी वाढवला, हे सगळं गडग्याला वळसा घालता घालता निघालं. ओट्यावर भगवानने दोन पाट मांडले होते, एकमेकांसमोर. चांगुणाबाईने एक पाट ओढला आणि दुसऱ्याच्या शेजारी लावला.

"समोर नको," ती म्हणाली. "समोर बसली तर तोंड बघाया लागंल हिचं."

"बघ की," विठा बसत म्हणाली. "फुकट हाय."

भगवानने माइक मधोमध ठेवला. दोघींनी डोक्यावरचे पदर पुढे ओढले आणि चांगुणाबाईने हात कानामागे नेला.